एका घनमीटर हवेत किती राख? एप्रिल २०१०मधील एका लायडर-निरीक्षणाचा प्रकरण अभ्यास

१७ एप्रिल २०१०च्या पहाटे, म्युनिकपासून साधारण २५ किलोमीटर वायव्येला असलेल्या माइसाख या गावी लायडर, म्हणजे लेसरचा झोत आकाशात सोडून परतणाऱ्या उजेडावरून हवेतील कण टिपणारे यंत्र, चालू होता. वर आइसलँडहून आलेल्या ज्वालामुखीच्या राखेचा थर होता आणि खालची विमानतळे बंद होती. त्या पहाटेच्या नोंदींवरून संशोधकांनी पुढे एक आकडा काढला. थराच्या सर्वांत दाट भागात दर घनमीटर हवेत १.१ मिलिग्रॅम राख होती, पण खरी किंमत ०.६५ ते १.८ मिलिग्रॅम यांच्यामध्ये कुठेही असू शकते.

हे प्रकरण मी निवडले ते या दोन टोकांसाठी. उंचीच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा लायडर वजनाच्या बाबतीत जवळजवळ तिपटीचा पल्ला का देतो? आणि तो पल्ला उघडपणे सांगणे हेच त्या मोजमापाचे मोल का आहे? वातावरणाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी शेवटपर्यंत सोडवून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

घडले काय

आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा पहिला उद्रेक २० मार्च २०१० रोजी डोंगराच्या कुशीत झाला. तो तसा निरुपद्रवी होता. १४ एप्रिलला मात्र शिखराखालून, हिमनदीच्या पोटातून नवा उद्रेक सुरू झाला. तापलेला शिलारस बर्फाच्या पाण्याला भिडला की तो झटक्यात थिजतो आणि त्याच्या ठिकऱ्या उडतात. त्यातून अतिशय बारीक, काचेसारखी धारदार राख तयार झाली आणि काही किलोमीटर उंच उसळली. वारे वायव्येकडून युरोपच्या दिशेने वाहत होते. दोन दिवसांत राख जर्मनीवर पोहोचली.

राखेची भीती अनाठायी नव्हती. २४ जून १९८२च्या रात्री जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो जेटची चारही इंजिने बंद पडली होती. १५ डिसेंबर १९८९ला अलास्कात, रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या विमानाची तीच गत झाली. दोन्ही विमानांची इंजिने खाली आल्यावर पुन्हा सुरू झाली, म्हणून माणसे वाचली. इंजिनाच्या गाभ्यातील तापमानाला सिलिकेटची राख वितळते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी जमते. विमानाच्या रडारला ती दिसत नाही, कारण रडारच्या लांब लहरींपुढे हे कण फारच लहान असतात.

त्यामुळे २०१०पर्यंतचा नियम सरळ होता: राख असेल तिथे जायचे नाही. किती राख चालेल, हा प्रश्नच नव्हता. लंडनचे ज्वालामुखी-राख सल्ला केंद्र संगणकावरील प्रारूपातून राख कुठे पसरेल याचे नकाशे काढी आणि त्या नकाशांवर हवाई क्षेत्र बंद होई. या वेळी नकाशांनी अर्धा युरोप व्यापला. १५ एप्रिलपासूनच्या आठवड्यात सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे १ कोटी प्रवासी अडकले. दोन-तीन दिवसांतच सगळीकडून एकच विचारणा सुरू झाली: वर खरोखर राख आहे का, आणि असली तर किती?

वर पाहणारी साधने कोणती होती

उपग्रह होते. भूस्थिर मेटिओसॅट तेव्हा दर १५ मिनिटांनी चित्र पाठवत असे आणि अवरक्त किरणांच्या दोन पट्ट्यांमधील तापमानाच्या फरकावरून राख ओळखता येते. पसारा कळतो, पण मध्ये बर्फाचे ढग आले की खूण पुसली जाते आणि थराची उंची नीट मिळत नाही. कॅलिप्सो हा लायडर वाहणारा उपग्रहही तेव्हा कामावर होता. त्याच्या किरणाचा जमिनीवरचा ठसा जेमतेम ७० मीटर रुंद असे आणि त्याच रेषेवर तो १६ दिवसांनी परतत असे. राखेचा पट्टा नेमका त्या रेषेत सापडला तर उत्तम, नाहीतर वाट पाहायची.

जमिनीवर मात्र एक तयार जाळे होते. अर्लिनेट या नावाने २०००पासून युरोपातील लायडर केंद्रे एकत्र काम करत होती. त्यांचा हेतू हवामानबदलाच्या अभ्यासासाठी एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या, नियमित नोंदी ठेवणे हा होता. आणीबाणीचे काम त्यांच्याकडे सोपवलेले नव्हते. तरीही उद्रेकाची बातमी आल्यावर केंद्रांनी, जिथे आभाळ मोकळे होते तिथे, लायडर सतत चालू ठेवले. जर्मनीच्या हवामान खात्याकडे ढगांच्या तळाची उंची मोजणारी, सीलोमीटर नावाची छोटी लायडर यंत्रेही देशभर बसवलेली होती. ढग मोजण्यासाठी लावलेल्या या यंत्रांनी त्या आठवड्यात राख टिपली.

दहा वर्षे शांतपणे चाललेले काम असे उपयोगी पडले, हे मला या प्रकरणात फार महत्त्वाचे वाटते. उद्रेक झाल्यावर लायडर विकत घेऊन, बसवून, पडताळून नोंदी घ्यायला कोणालाही वेळ नव्हता.

पहिला प्रश्न: थर किती उंचीवर

याचे उत्तर लायडर सर्वांत ठामपणे देतो, कारण त्याचे सगळे गणित वेळेवर उभे आहे. लेसरचा एक अतिशय आखूड झोत आकाशात सोडायचा आणि परत येणारा उजेड दुर्बिणीतून टिपत राहायचे. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर उंची. सहा किलोमीटरवरच्या थराचा उजेड ४० मायक्रोसेकंदांनी परततो. परतणारा प्रकाश ५० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजला, तर प्रत्येक तुकडा ७.५ मीटर जाडीच्या हवेचा हिशेब देतो.

अर्थात कच्चा सिग्नल जसाच्या तसा वाचता येत नाही. सहा किलोमीटरवरून येणारा उजेड सहाशे मीटरवरून येणाऱ्याच्या शंभरपट क्षीण असतो, म्हणून प्रत्येक आकड्याला अंतराच्या वर्गाने गुणावे लागते. त्याआधी आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करावा लागतो. तो इतक्या उंचीवरच्या नोंदींवरून ठरवतात, जिथून लेसरचे काहीच परत येत नाही. आणि अगदी जवळच्या काहीशे मीटरमध्ये दुर्बिणीला लेसरचा पूर्ण झोत दिसतच नाही, तो भाग दुरुस्त करावा लागतो किंवा सोडून द्यावा लागतो. हे तिन्ही संस्कार कंटाळवाणे वाटतात. पण पुढे येणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच इथेच पेरल्या जातात.

हे झाल्यावर जे चित्र उमटते ते पाहण्यासारखे असते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर उंची आणि परतलेल्या उजेडाला रंग. १६ आणि १७ एप्रिलच्या दक्षिण जर्मनीतील अशा चित्रांत राख आधी बऱ्याच उंचीवर एका बारीक पट्टीसारखी दिसते. तास जातात तशी ती पट्टी तिरकी खाली उतरत येते. थर खाली "पडतो" आहे असे वाटते, पण बहुतांश ते तसे नसते. राखेचा पट्टा कलता आहे आणि वारा तो कलता पट्टा यंत्राच्या डोक्यावरून ओढून नेतो आहे. यंत्र जागेवरून हललेले नाही, हवा सरकते आहे. लायडरची चित्रे वाचायला शिकताना हा फरक पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडावा.

दुसरा प्रश्न: हा थर कशाचा

उंच आकाशात तिरकी पट्टी दिसली की ती राखच असेल असे नाही. ती पातळ बर्फाचे ढगही असू शकते, सहाराहून आलेली धूळ असू शकते, जंगलाच्या वणव्याचा धूरही असू शकतो. इथे प्रकाशाचे ध्रुवण कामाला येते.

लेसरचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो. पाण्याच्या गोल थेंबावरून तो सरळ मागे परतला तर प्रतल जवळजवळ तसेच राहते. वाकड्यातिकड्या कणावरून परतताना मात्र त्याचा काही भाग मूळ प्रतलाला लंब असलेल्या प्रतलात वळतो. या दोन भागांचे गुणोत्तर, म्हणजे विध्रुवण गुणोत्तर. गंधकाम्लाच्या थेंबांसाठी ते एक-दोन टक्के असते. माइसाख आणि लाइपझिगच्या लायडरना या थरात ते ३५ टक्क्यांच्या आसपास मिळाले. म्हणजे गोल थेंब नव्हेत, कोरड्या आणि कोनदार कणांचा थर.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. सहाराच्या धुळीचे विध्रुवण ३० टक्क्यांच्या आसपास असते आणि बर्फाच्या स्फटिकांचे त्याहून जास्तही असू शकते. राख आणि धूळ यांना केवळ या एका आकड्यावरून वेगळे काढणे धाडसाचे ठरेल. म्हणून दुसरी खूण लागते: लायडर गुणोत्तर. कण एकूण किती प्रकाश अडवतात आणि त्यातला किती नेमका मागे पाठवतात, यांचे हे गुणोत्तर. ते स्टेरेडियन या घनकोनाच्या एककात मोजतात. समुद्री मिठाच्या कणांसाठी ते साधारण २० असते, धुरासाठी बरेचदा ६० किंवा अधिक. या राखेसाठी ते हिरव्या प्रकाशात सुमारे ५० आणि अतिनील प्रकाशात सुमारे ६० आले.

हे गुणोत्तर गृहीत न धरता मोजता आले, यात रामन परिणामाचा वाटा आहे. हवेतील नायट्रोजनच्या रेणूंवर ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की त्याचा अगदी थोडा अंश ६०७ नॅनोमीटरवर परततो, ३५५चा ३८७वर. नायट्रोजन किती आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. त्याचा उजेड थराच्या वर जेवढा जास्त मंद झाला, तेवढा थराने अडवला. हा उजेड इतका दुबळा असतो की दिवसाच्या प्रकाशात त्याची नोंद घेणे कठीण जाते. माइसाखची ती नोंद पहाटेची, अंधारातली असणे म्हणूनच मोलाचे ठरले.

तिसरी खूण लायडरच्या बाहेरची. त्या थरातील हवा मागच्या दोन दिवसांत कुठून आली, हे वाऱ्यांच्या नोंदींवरून मागे मागे शोधत गेले की वाट थेट आइसलँडला पोहोचत होती. मे महिन्यात दक्षिण युरोपावर सहाराची धूळही येऊन मिसळली तेव्हा या तिसऱ्या खुणेशिवाय ओळख पटणे अवघड होते.

तिसरा प्रश्न: किती

आता खरी चढण. निर्णय घेणाऱ्यांना हवे होते मिलिग्रॅम प्रति घनमीटर. लायडर मोजतो प्रकाश. या दोहोंमध्ये जो पूल बांधावा लागतो, त्याची एकेक फळी तपासून पाहू.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. समजा, थराच्या दाट भागातून मागे परतणाऱ्या प्रकाशाचे माप दर किलोमीटर, दर स्टेरेडियन ०.०१ आले. त्याला लायडर गुणोत्तर ५०ने गुणले की प्रकाश अडवण्याचे प्रमाण मिळते: दर किलोमीटर ०.५. म्हणजे असा थर एक किलोमीटर जाड असेल, तर सरळ जाणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६१ टक्के पार होतो. इथवरच्या पायऱ्या बऱ्यापैकी भक्कम आहेत. लाइपझिगवर १६ एप्रिलला मिळालेली मूल्ये याच घरातली होती.

आता प्रकाश अडवण्यावरून वजन. एक ग्रॅम राख साधारण ०.६५ चौरस मीटर प्रकाश अडवते असे मानले, तर उत्तर येते दर घनमीटर ०.७७ मिलिग्रॅम. पण हा ०.६५ आला कुठून? तो कणांच्या आकारावर ठरतो आणि आकार लायडरला थेट दिसत नाही.

ही गोष्ट डोळ्यांसमोर आणायची तर १० मायक्रोमीटर व्यासाचा एक गोल कण घ्या आणि त्याच्या शेजारी १ मायक्रोमीटरचे शंभर कण ठेवा. दोन्हींची सावली, म्हणजे अडवलेला प्रकाश, ढोबळमानाने सारखाच. वजन मात्र सारखे नाही. एकटा मोठा कण त्या शंभरांच्या एकत्रित वजनाच्या दहापट भरतो. लायडर या दोघांत फारसा भेद करू शकत नाही. त्यात राखेचे कण गोलही नसतात, काही सच्छिद्र असतात, घनता २.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास धरतात. शिवाय थरात राखेबरोबर ज्वालामुखीच्या वायूपासून बनलेले बारीक थेंबही असतात. ते प्रकाश अडवतात, पण राख नसतात.

थेंब वजा करणे जमते. राखेचे विध्रुवण ३५-३६ टक्के, थेंबांचे एक-दोन टक्के, आणि प्रत्यक्ष मोजलेले त्यांच्या मधले. त्यावरून परतलेल्या प्रकाशात कोणाचा वाटा किती हे काढता येते. लाइपझिगमध्ये हा मार्ग घेतला आणि सोबत सूर्यप्रकाशमापकाच्या नोंदी वापरल्या. उत्तर आले, कमाल सुमारे १ मिलिग्रॅम. माइसाखच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी वेड्यावाकड्या आकारांच्या, निरनिराळ्या मापांच्या असंख्य काल्पनिक कणसमूहांचे प्रकाशीय गुणधर्म संगणकावर काढले आणि त्यांपैकी कोणते समूह लायडरच्या सर्व मोजमापांशी एकाच वेळी जुळतात ते पाहिले. जुळणारे समूह एकापेक्षा जास्त निघाले. त्यांच्या वजनांचा पसारा म्हणजेच ०.६५ ते १.८. तो पसारा यंत्राच्या दोषातून आलेला नाही. प्रकाशाकडे जेवढी माहिती होती तेवढीच त्याने दिली.

दोन वेगळ्या वाटांनी, दोन वेगळ्या ठिकाणी उत्तर एका मिलिग्रॅमच्या आसपास यावे, ही या प्रकरणातली मला सर्वांत आश्वासक वाटणारी गोष्ट.

पडताळणी आणि मर्यादा

थर खाली उतरून १७ एप्रिलला जमिनीलगतच्या हवेत मिसळला, तेव्हा होहेनपायसेनबर्ग या डोंगरावरील केंद्रात सल्फर डायऑक्साइड आणि कणांचे प्रमाण एकदम वाढले. लायडरने वर दाखवलेली गोष्ट खालच्या यंत्रांनी हातात घेऊन पाहिली, असे म्हणता येईल. १९ एप्रिलला जर्मनीचे फाल्कन हे संशोधन-विमान उडाले. त्याच्याही पोटात खाली पाहणारा लायडर होता. आधी वरून थर पाहायचा, तो फार दाट नाही याची खात्री करायची आणि मगच कणमापक घेऊन आत शिरायचे, असा क्रम. तोवर जर्मनीवरील राख बरीच विरळ झाली होती. कणमापकांनी प्रत्यक्ष मोजलेली मापे पुढे लायडरचे रूपांतर-गुणांक, म्हणजे प्रकाशावरून वजन काढण्याचे आकडे, तपासायला उपयोगी पडली.

लायडरला काय जमले नाही तेही सांगायला हवे. दाट पाण्याच्या ढगापलीकडे त्याला काही दिसत नाही; काहीशे मीटरांत झोत संपतो. राख ढगांच्या वर असेल तर जमिनीवरचा लायडर आंधळाच. ढगाच्या आत प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो आणि गोल थेंब असूनही विध्रुवण वाढत जाते, त्यामुळे ढगाचा वरचा भाग राखेसारखा भासू शकतो. उलट बाजूचाही धोका असतो. चपटे बर्फस्फटिक हवेत आडवे तरंगत असतील तर ते आरशासारखे वागतात; विध्रुवण जवळजवळ शून्य आणि उजेड लखलखीत. हा चकवा टाळण्यासाठी बरेच लायडर सरळ वर न रोखता काही अंश कलते ठेवतात. कॅलिप्सोचाही कल २००७मध्ये वाढवून ३ अंश केला होता.

आणि एक लायडर म्हणजे आकाशातली एकच उभी रेघ. माइसाखच्या वर १.१ मिलिग्रॅम होते, म्हणून पन्नास किलोमीटर पूर्वेला किती होते हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रारूपे लागतात. प्रारूपाने राख योग्य वेळी, योग्य उंचीवर आणली का, हे अशा अनेक रेघांवरून तपासायचे असते. प्रारूप आणि लायडर यांची स्पर्धा लावणारे लेखन मला म्हणूनच पटत नाही. दोघांचे काम वेगळे आहे.

पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याने खास राखेसाठी रामन आणि विध्रुवण मोजणाऱ्या लायडरचे जाळे उभारले. युरोपातील विखुरलेले सीलोमीटर एका सामायिक जाळ्यात आणले गेले. आणि २०२४च्या मे महिन्यात सुटलेल्या अर्थकेअर उपग्रहावर असा लायडर आहे, जो रेणूंचा आणि कणांचा उजेड यंत्रातच वेगळा करतो. म्हणजे लायडर गुणोत्तर अंतराळातून, दिवसाउजेडीही मोजता येते.

नियम मात्र त्याआधीच बदलला होता. २० एप्रिलला युरोपचे आकाश टप्प्याटप्प्याने उघडू लागले, तेव्हा "राख असेल तिथे जायचे नाही" याच्या जागी इंजिन-उत्पादकांशी बोलून ठरवलेली मर्यादा आली: दर घनमीटर २ मिलिग्रॅम. माइसाखच्या पल्ल्याचे वरचे टोक होते १.८. ते मर्यादेच्या आत बसले, पण मध्ये अंतर उरले ते ०.२ मिलिग्रॅमचे. नुसते १.१ पाठवले असते तर ते अंतर कोणाला दिसलेच नसते.